पिनकोडचा सहावा आकडा

वाकोल्यात लोकांना इंटरनेट शिकवण्याचा धंदा वर्षानुवर्षं केला की एक गोष्ट पक्की कळते: इंटरनेट शिकायला कुणी येत नाही, लोक कामाला येतात. मुलगा मस्कतला आहे, त्याचं पत्र 'त्यात' आलंय म्हणे, ते काढून द्या. पासपोर्टचा फॉर्म हवाय. बारावीचा निकाल बघायचाय. हॉटेलातल्या नोकरीसाठी बायोडेटा आजच्या आज 'मेल' करायचाय. मुंबईत सांताक्रूझला पूर्वेकडे उतरून हायवे ओलांडला की हा भाग लागतो. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला कलिन्याचं विद्यापीठ, आणि मधे जुनं ख्रिस्ती गावठाण, चाळी, झोपड्या, सोसायट्या. दर दोन-चार घरांमागे कुणीतरी आखातात, जहाजावर नाहीतर विमानतळावर कामाला. त्यामुळे नेटची गरज इथल्या साध्या घरांतही लवकर पोचली. शिकवायची रीत मात्र पोचली नाही. माझं म्हणणं असं, की नवख्यांसाठी नेटच्या सुरुवातीच्या काळात जे साहित्य तयार झालं, म्हणजे पुस्तकं, मासिकांबरोबरच्या सीड्या, क्लासच्या झेरॉक्स नोट्स, ते सगळं चुकीच्या टोकाकडून सुरू व्हायचं. त्याची सुरुवात यंत्रापासून व्हायची आणि माणूस आलेला असायचा कामापासून. ही चूक आम्ही शिकवणाऱ्यांनीही बरीच वर्षं केली, आणि घराघरांत ती आजही चालू आहे.

ती पुस्तकं वाईट होती असं मुळीच नाही. एड क्रोल यांचं 'द होल इंटरनेट' १९९२ चं. त्याच वर्षी ब्रेंडन किहो यांचं 'झेन अँड द आर्ट ऑफ द इंटरनेट' आलं. १९९३ ला 'डमीज' मालिकेतलं पिवळ्या-काळ्या कव्हरचं पुस्तक निघालं, आणि पुढे त्याच्या आवृत्त्या फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर निम्म्या किमतीला मिळू लागल्या. १९९४ मध्ये पॅट्रिक क्रिस्पेन या अमेरिकन विद्यार्थ्याने 'रोडमॅप' नावाचा अख्खा अभ्यासक्रम ईमेलनेच पाठवायला सुरुवात केली, धड्यामागून धडा. कल्पना झकासच, फक्त इंटरनेट शिकण्यासाठी आधी ईमेल यायला हवा! आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. विद्यार्थ्यांना स्वस्तात मिळायचं ते शेल अकाउंट: काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं, पानं बघायला लिंक्स, पत्रांसाठी पाइन, चित्र एकही नाही. 'पीसी क्वेस्ट', 'चिप' (२००१ पासून तेच 'डिजिट' झालं) ही मासिकं आणि त्यांच्या सीड्या म्हणजे तेव्हाची पाठ्यपुस्तकंच. मौजेची गोष्ट अशी, की वाकोल्याहून रिक्षाने जाता येईल अशा जुहूच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासूनच ईमेलची ये-जा चालू होती. देशातल्या पहिल्यावहिल्या ठिकाणांपैकी ते एक. पण ते ज्ञान हायवे ओलांडून इकडे यायला दहा वर्षं लागली. अंतर किलोमीटरचं नव्हतंच. या साऱ्या साहित्याच्या डोळ्यांपुढचा वाचक एकच: विद्यापीठात किंवा ऑफिसात बसलेला, समोर संगणक असलेला, टायपिंग येणारा, आणि फोनचं बिल स्वतः न भरणारा.

फोनच्या बिलाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण शिकवण्याची सगळी घडी त्यावर बसायची. नेट लागायचं ते टेलिफोनच्या लाइनवर. लाइन एंगेज असेल तर पुन्हा डायल, मग मॉडेमची ती किरकिर, मग एकदाचं 'लागलं'. तेवढा वेळ घरचा किंवा दुकानाचा फोन बंद, आणि मीटर चालू. ५६ केबीपीएसचा मॉडेम अगदी पूर्ण वेगाने चालला, आणि तो कधीच चालत नसे, तरी सेकंदाला सातच किलोबाइट. शंभर किलोबाइटचा एक फोटो उलगडायला पंधरा सेकंद, प्रत्यक्षात अर्धा-पाऊण मिनिट. सायबर कॅफेचे तासाचे दर आधी शंभराच्या घरात होते, ते विसावर यायला काही वर्षं गेली. अशा विकतच्या तासातली पहिली वीस मिनिटं आम्ही फळ्यावर 'इंटरनेट म्हणजे नेटवर्कांचं नेटवर्क' लिहून, १९६९ चं आर्पानेट, अमेरिकेचं संरक्षण खातं हे सांगण्यात घालवायचो, कारण पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तेच होतं. माणसं माना डोलवायची. आर्पानेट ऐकून घेतल्याशिवाय मुलाचं पत्र मिळणार नाही, अशीच त्यांची समजूत होत असावी. सत्यनारायणाची कथा संपल्याशिवाय प्रसाद मिळत नाही तशी. तो इतिहास कुणाच्याही लक्षात राहिला नाही आणि न राहिल्याने कुणाचं काही अडलंही नाही.

अडायचं ते वेगळ्याच ठिकाणी, आणि तिथे सगळी पुस्तकं गप्प. ईमेलचा आयडी काढण्याचंच बघा. हॉटमेल १९९६ ला निघालं, फुकट होतं, आणि ते काढणाऱ्यांत सबीर भाटिया हे आपल्याकडचं नाव होतं. त्यामुळे 'हॉटमेल काढून द्या' हीच लोकांची मागणी. फॉर्म उघडला की पहिल्याच ओळीत खोळंबा: फर्स्ट नेम, लास्ट नेम. मराठी माणसाला नाव सांग म्हटलं की तो तीन शब्द सांगतो, आपलं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि आडनाव. शाळेच्या दाखल्यावर तर आडनाव आधी. मग लास्ट म्हणजे शेवटचं की आडनाव? मधल्या नावाचं काय करायचं? ते कुठेच न मावल्यामुळे हे कागदपत्र पुढे 'चालणार नाही' अशी धास्ती. त्यानंतर झिप कोड. अमेरिकेचा झिप पाच आकडी, आपला पिन सहा आकडी. वाकोल्याचा ४०००५५. चौकटीत पाच आकडे बसायचे आणि शेवटचा पाच बाहेर राहायचा. माणूस तो पुन्हा पुन्हा दाबायचा, बटण बिघडलंय अशा समजुतीने. शेवटी कुठलातरी अमेरिकन आकडा घालून पुढे सरकायचं, म्हणजे इंटरनेटवरचं आपलं पहिलंच काम खोटा पत्ता लिहिण्याचं! त्यातही प्रामाणिक माणसांना याचा खरोखर त्रास व्हायचा; सरकारी फॉर्मवर खोटं लिहिलं तर काय होतं हे त्यांना ठाऊक होतं, आणि हा फॉर्म सरकारी नाही हे त्यांना कुणी सांगितलेलं नसायचं. आणि मग ते वाटोळं चिन्ह. त्याला आपण 'ॲट द रेट' म्हणतो, दुकानदारीच्या हिशेबातून आलेलं नाव. बिलावर 'दहा नग ॲट द रेट पाच रुपये' लिहिणाऱ्याला ते ओळखीचं. बाकीच्यांनी आयुष्यात ते काढलेलं नसायचं. शिफ्ट एका हाताने दाबून ठेवायची आणि दुसऱ्या हाताने दोनचं बटण दाबायचं, ही दोन हातांची कसरत जमायलाच एक दिवस जाई. क्रोल यांच्या पुस्तकात यातलं काही नाही, आणि त्यांना दोष देण्यातही अर्थ नाही. त्यांच्या वाचकाला झिप कोड होता.

इथे एक आक्षेप हमखास येतो: खरी अडचण इंग्रजीची होती, मराठीत साहित्य असतं तर हे सगळं सोपं झालं असतं. त्यात तथ्य आहे, पण म्हणतात तेवढं नाही. मराठीत पुस्तकं निघत होती. दीपक शिकारपूर यांच्यासारख्यांनी संगणकावर मराठीत भरपूर लिहिलं. पण पुस्तकात 'जोडपत्र' आणि पडद्यावर 'अटॅचमेंट' असेल तर नवख्याला एकाऐवजी दोन शब्द शिकावे लागतात. पडद्यावरचं मराठी तर बराच काळ आणखीनच अडचणीचं होतं. प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा, प्रत्येकाची कळपाटावरची मांडणी वेगळी, आणि फॉन्ट उतरवून घेतला नाही तर मराठी वर्तमानपत्राचं पान म्हणजे नुसत्या इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा उकिरडा. युनिकोड रुळेपर्यंत हेच चाललं. याउलट, इंग्रजी न येणारी माणसं इंग्रजी पडद्यावर कामं करत होती, हे रोज दिसायचं. ती शब्द वाचत नसत, जागा ओळखत. डावीकडचं तिसरं, मग वरचं निळं, मग पान खाली ओढून करडं बटण. स्टेशनची पाटी न वाचताही लोकलमधून बरोबर उतरणारी माणसं आपल्याकडे लाखांनी आहेत, त्यातलाच हा प्रकार. याची खोट एकच, पण मोठी: कंपनीने एके दिवशी पानाची मांडणी बदलली की सगळी विद्या पाण्यात. आणि चूक झाल्याची सूचना आली की ती वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक सूचना संकटच वाटते. तेवढ्यापुरतं भाषेचं म्हणणं मी मान्य करतो. पण भाषा बदलून क्रम तोच ठेवला तर मराठीत आर्पानेट ऐकायला मिळतं, एवढाच फरक पडतो.

आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांना क्रम बदलायला लावला तो शिकणाऱ्यांनीच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून माणसं वही घेऊन येऊ लागायची. शंभर पानी, मुलांच्या शाळेतून उरलेली. त्यात ती आपापल्या शब्दांत लिहून घेत: 'ई वर दोनदा टिचकी. वरच्या पांढऱ्या पट्टीत हॉटमेल डॉट कॉम. एंटर. थांबणे.' ते 'थांबणे' कुठल्याही छापील पुस्तकात नाही, आणि डायल-अपच्या दिवसांत सगळ्यात महत्त्वाची सूचना तीच होती. न थांबता दहा वेळा टिचकी मारली की दहा खिडक्या उघडून यंत्र गोठायचं. ॲट द रेटचं चित्र काढलेलं, बाजूला '२ च्या डोक्यावर' असं. काहींच्या वहीत पायरी क्रमांक, काहींच्या वहीत बाण, काही मजकूर उर्दूत, काही रोमी कोकणीत. नवख्यांसाठीचं वाकोल्यातलं खरं साहित्य म्हणजे या वह्या. एका वहीवरून दुसरा शिकू शकत नसे, हे त्यांचं वैगुण्य नव्हे. दुसऱ्याचं काम वेगळं असायचं. वह्या चाळताना आम्हालाही एक धडा मिळाला. आत शिरण्याच्या पायऱ्या सगळ्यांच्या नीट असत, बाहेर पडण्याची एकही नसे. सायबरमधलं यंत्र दहा जणांचं. साइन आउट न करता उठलं की पुढच्याला मागच्याची सगळी पत्रं उघडी. तेव्हापासून बाहेर पडणं आधी शिकवायचं असं ठरलं. गाडीत चढतानाच फलाट कुठल्या बाजूला येणार हे विचारून घेतो ना आपण, तसं. पहिल्या दिवशी बाकी काही नाही आलं तरी चालेल, बाहेर पडता आलं पाहिजे.

वहीवर सुरक्षावाल्यांचा आक्षेप ठरलेला: पहिल्याच पानावर पासवर्ड लिहिलेला असतो. असायचाच, आणि लिहून ठेवा असं आम्हीच सांगायचो. घरातल्या कपाटात, साड्यांखाली ठेवलेल्या वहीतला पासवर्ड जगातल्या चोरांपासून पुष्कळ सुरक्षित असतो. तो सायबरवाल्याच्या डोक्यात असण्यापेक्षा तर नक्कीच.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९९ मध्ये सुगत मित्रा यांनी दिल्लीत कालकाजीच्या एका भिंतीत संगणक बसवला, आणि झोपडपट्टीतली मुलं कुणी न शिकवता तो चालवू लागली. मग क्रम, वही, शिकवणी यांची गरज काय? मुलांच्या बाबतीत ते खरंच आहे. वाकोल्यातली मुलंही आपली आपण शिकली, आणि आमच्याआधी शिकली. पण भिंतीतला तो संगणक फुकट होता, त्याला घड्याळ नव्हतं, आणि चुकून काही गेलं तर मुलांचं काही जाणार नव्हतं. वीस रुपये मोजून तासभर बसलेल्या चाळिशीच्या बाईला चूक परवडत नाही. मुलाचं पत्र पुसलं गेलं तर ते गेलं. तिच्या हाताचं थरथरणं वयाचं नसतं, ते या हिशेबाचं असतं. मोठी माणसं कशी शिकतात याचा पुरावा मला वारणेत दिसतो. १९९८ ला वारणानगरच्या परिसरात सत्तर गावं संगणकांनी जोडली. कल्पना मोठी होती, शेतीची माहिती, बाजारभाव, शिक्षण. शेतकरी आले ते मुख्यतः उसाचं वजन आणि बिलाची पावती बघायला. पुढे तेवढं काम मोबाइलच्या एसएमएसवर करून पाहिलं, तेही चाललं. याला काही जण प्रकल्पाचं अपयश म्हणतात. मला त्यात शेतकऱ्याचं शहाणपण दिसतं: जे काम आहे ते करायचं, बाकीचं नंतर बघू.

आणि एमएस-सीआयटी? महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनची स्थापना २००१ ची, आणि दुसऱ्या वर्षापासून तिचा हा संगणकाचा कोर्स गावोगाव पोचला. मराठीत, ठरलेल्या क्रमाने, परीक्षेसह. लाखो लोकांनी तो केला. शिस्तीत शिकवलं की लोक शिकतात, हे त्याने दाखवलं, असं म्हणता येईल. पण लोक तिथेही कामालाच आले होते. ते प्रमाणपत्र सरकारी नोकरीला लागत होतं. काम खरं होतं म्हणून शिकणंही झालं. ज्यांना प्रमाणपत्रापलीकडे संगणकाचं काम नव्हतं त्यांच्या हातातून ते वर्षभरात निसटलं, हेही तितकंच खरं.

आता आमच्या धंद्याची लाज वाटावी अशी गोष्ट. २००९ मध्ये मुंबईत अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. निकालाच्या आठवड्यात सायबरबाहेर रांगा. कधी नव्हे ते शिकवण्याची संधी चालून आली होती: एकेका घरातलं अख्खं कुटुंब, डोळ्यांपुढे खरं काम, आणि ते समजून घ्यायची तयारी. आम्ही काय केलं? फॉर्म भरून दिले. शिकवायला तास लागतो, भरायला दहा मिनिटं, आणि पैसे दोन्हीचे तेवढेच. आई-बाप खुर्चीमागे उभे, खुर्चीत आमचा पोऱ्या. कॉलेजांचा पसंतीक्रम विचारायचा तो, टिचकी मारायची त्याने, आणि पासवर्ड आमच्या रजिस्टरात, कारण पुढच्या यादीला हीच माणसं परत येणार हे गिऱ्हाइकालाही ठाऊक आणि आम्हालाही. गर्दी होती, मुदत होती, लोकच 'तुम्हीच भरा' म्हणत होते, ही सगळी कारणं खरी आहेत. तरीही त्या वर्षापासून शिकवण्याचा धंदा संपला आणि भरून देण्याचा सुरू झाला. २०११ ला सायबर कॅफेंसाठी केंद्राचे नियम आले: ओळखपत्र बघा, नोंदवही वर्षभर जपा, बसायच्या कप्प्याची भिंत साडेचार फुटांहून उंच नको. गिऱ्हाईक कोण, याची नोंद ठेवणं सक्तीचं झालं. खुर्चीत गिऱ्हाईक बसतं की पोऱ्या, हे कुणी विचारलं नाही.

आता सायबर उरलेत ते आधार, पॅन आणि झेरॉक्सपुरते, आणि सगळ्यात नवा आक्षेप हा, की मोबाइल आल्यावर नवखं कुणी राहिलंच नाही, भाजीवालीही क्यूआर कोड लावते. लावते खरी, पण तो लावून दिला पोराने, पैसे आले की नाही ते सांगतो बोलका डबा, आणि खात्याचा पासवर्ड पुन्हा दुसऱ्याच्याच डोक्यात. म्हणून फोनवरून कुणी गोड आवाजात ओटीपी मागितला की तो दिला जातो. ज्याने आजवर सगळं भरून दिलं त्यालाही आपण असेच आकडे सांगत आलो, मग यालाही सांगायचे. त्यात वावगं काय, असंच तिला वाटणार. याला अडाणीपणा म्हणू नये. ही आपणच लावलेली सवय आहे.

तेव्हा आईला, सासऱ्यांना किंवा कामाला येणाऱ्या मावशींना फोनवरचं काही दाखवायची वेळ आली, तर फोन त्यांच्याच हातात राहू द्या. तुमच्या बोटाने अर्ध्या मिनिटात होणाऱ्या कामाला त्यांना पाऊण तास लागेल, तो लागू द्या. त्यांना ज्यासाठी फोन हवाय तेच काम आधी घ्या. आणि घरात एखादी शंभर पानी वही शोधा. मजकूर त्यांना लिहू द्या, त्यांच्या शब्दांत.